बान बुआलोयचं पाणी

कॅल्गरीच्या नैऋत्येला धरणाचं मोठं पाणी आहे. उन्हाळ्यात तिथं होड्या भाड्यानं मिळतात. २०१७च्या जुलैतल्या एका रविवारी आम्ही आईला घेऊन तिथं गेलो, ते केवळ काठावर बसून मेथीचे पराठे खायला. आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बाबा गेल्यावर ती इचलकरंजीच्या घरात एकटीच राहायची. आदल्या ऑक्टोबरात मी तिला इकडे घेऊन आले होते आणि परत पाठवायचं नाही असं मी आणि माझ्या नवऱ्यानं ठरवून टाकलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

आईनं अर्धा पराठा खाल्ला आणि पाण्याकडे बघत बसली. निमुळत्या टोकांच्या लाल-हिरव्या होड्या जात-येत होत्या. बऱ्याच वेळानं तिनं हात पुसले आणि म्हणाली, "मला त्यात बसायचंय."

मी म्हटलं, पाणी बर्फाचं आहे, वारा आहे, तुझा गुडघा आहे, पुढच्या वेळी बघू.

"नुसतं बसायचं नाही," ती म्हणाली. "मला वल्हवायचंय."

माझी लेक इरा हसली. "आजी, डू यू इव्हन नो हाउ?" पंधरा वर्षांच्या मुलीनं विचारावं तसंच विचारलं तिनं. आईला इंग्रजी कळतं. ती उठली. पदर कमरेला खोचला, स्नीकर्सच्या नाड्या घट्ट केल्या आणि धक्क्याकडे चालू लागली. होड्या देणाऱ्या बाईंनी आधी तिच्या गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आई त्यांना म्हणाली, "आय नो बोट."

साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवून ती मागच्या बाजूला बसली, जिथून होडीला दिशा देतात. मी पुढे. इरा काठावरच थांबली. आईनं वल्हं हातात घेतलं, त्याचं पातं एकदा पाण्यात भिजवून काढलं, पालथं करून निथळू दिलं आणि मग काठाला टेकवून असा एक रेटा दिला की होडी आवाज न करता धक्क्यापासून सुटली. वल्हं भिजवायची ती लकब मी पस्तीस वर्षांत पाहिली नव्हती. आजूबाजूला पाइनचा आणि सनस्क्रीनचा वास होता. मला मात्र ओल्या लाकडाचा, चिखलाचा, संत्र्याच्या मोहराचा वास आला.

बाबा कापडगिरणीत वीव्हिंग मास्तर होते. इचलकरंजीहून त्यांना बँकॉकजवळच्या एका गिरणीनं बोलावून घेतलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. गिरणीतल्या बाकीच्या भारतीय लोकांना क्वार्टर्स होती. आम्हाला ती मिळाली नाहीत, म्हणून बाबांनी शहराच्या उत्तरेला, वस्ती संपते तिथल्या एका गावात घर घेतलं. गावाचं नाव बान बुआलोय. बुआलोय म्हणजे तरंगतं कमळ. तांदळाच्या पिठीच्या छोट्या गोळ्या नारळाच्या दुधात सोडून एक गोड पदार्थ करतात, त्यालाही बुआलोयच म्हणतात. मला बरेच दिवस वाटायचं की गावाचं नाव त्या खाऊवरून पडलंय.

गाव म्हणजे एक लांबच लांब कालवा आणि त्याच्या दोन्ही काठांना खांबांवर उभी असलेली लाकडी घरं. रस्ता मागच्या अंगाला होता, पण त्याला कुणी विचारत नसे. गावाचं तोंड पाण्याकडे होतं. प्रत्येक घराच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या आणि शेवटच्या पायरीला होडी बांधलेली. सकाळी उजाडताना भगव्या वस्त्रातले भिक्षू होडीतून भिक्षेला यायचे. त्यांच्या वल्ह्याचा आवाज इतका हलका असायचा की गरम भाताच्या वासानंच कळायचं, ते शेजारच्या पायरीशी आले. बायका गुडघ्यांवर बसून भात वाढायच्या. आईनं पहिल्या आठवड्यात ते नुसतं बघितलं. दुसऱ्या आठवड्यापासून तीही न्हाऊन पायरीवर बसू लागली.

कालव्यापलीकडे संत्र्यांच्या बागा होत्या. मातीचे उंच वाफे आणि मध्ये पाण्याचे चर. मोहराच्या दिवसांत वारा पलीकडून आला की घरातली चादरसुद्धा गोड वासाची व्हायची. दुपारी सगळं सुस्त. एखादी लांब शेपटाच्या इंजिनाची होडी फटफटत गेली की तिच्यामागून लाटा येऊन पायऱ्यांवर थप थप करायच्या आणि मग परत शांत. संध्याकाळी लसूण तळल्याचा वास, डासांच्या उदबत्तीचा धूर आणि छपरातल्या पालीचं मोठ्यानं "तोक-के, तोक-के". आई ती पाल बोलायला लागली की तिथंही जमिनीवर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणायची.

शेजारच्या घरात लम्दुआन राहायची. मी तिला 'पा' म्हणायची, पा म्हणजे आईपेक्षा मोठी मावशी. नवरा वारलेला, मूल नाही. ती पहाटे तळ्यावर जाऊन कमळाच्या कळ्या काढायची आणि बाजारात विकायची. तिच्या अंगाला कमळाच्या देठांचा कच्चा, हिरवा वास यायचा. आईचं नाव सुमन. लम्दुआन तिला 'नोंग सु' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण सु. दोघींची भाषा सुरुवातीला निम्मी खुणांची होती. पण आईनं पुरणपोळी केली की ती लम्दुआनकडे जायची आणि तिकडून नारळाच्या दुधातलं काहीतरी यायचं. देवळाच्या आवारात माझी शाळा होती. मला तिथं सोडायचं आणि आणायचं काम लम्दुआनचंच, तिच्या होडीतून. येताना कधी ती मला बागांमधून मोठ्या रस्त्याच्या बाजारालाही न्यायची. आई पायरीवर उभी राहून, मी वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची. तिला पोहता येत नव्हतं. ती शेवटच्या दोन पायऱ्या कधी उतरत नसे.

मी अकरा वर्षांची असताना पूर आला. पूर म्हणजे आपल्याकडे पंचगंगेला येतो तसा लोंढा नव्हे. पाणी एक दिवस एक पायरी वर चढलं, दुसऱ्या दिवशी आणखी एक, आणि मग जायचं विसरूनच गेलं. मागचा रस्ता बुडाला. बाबा गिरणीतच अडकले. आठवड्यातून एकदा कुठल्यातरी मालाच्या होडीतून यायचे, साखर आणि रॉकेल ठेवून परत जायचे. घराच्या फळ्यांखाली पाणी चुबुक चुबुक वाजायचं आणि झोपताना असं वाटायचं की आपण घरासकट कुठंतरी निघालोय.

गिरणीतले एक साहेब मोटरबोट घेऊन आम्हाला न्यायला आले. शहरात वरच्या मजल्यावर जागा बघितली होती. ते म्हणाले, वहिनी, चला, सामान नंतर पाठवू. आईनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं की आम्ही येणार नाही. त्यांनी खूप समजावलं. ती हो हो करत ऐकत राहिली आणि कप विसळून ठेवला. ती का गेली नाही, हे मला आजही नीट माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. बोट निघून गेल्यावर ती पायरीवर, म्हणजे उरलेल्या एकाच पायरीवर, जाऊन बसली आणि पलीकडे लम्दुआनला म्हणाली, "पी, मला होडी शिकव." पी म्हणजे थोरली बहीण.

लम्दुआन हसत सुटली. पण दुसऱ्या दिवशी भिक्षूंची होडी पुढे गेली आणि ती आपली होडी घेऊन हजर झाली.

आईनं नऊवारीसारखा काष्टा घातला. पहिल्या दिवशी होडी एका जागी गोल गोल फिरली. दुसऱ्या दिवशी ती आमच्याच घराच्या खांबावर आपटली. एकदा ती आणि वल्हं दोन्ही पाण्यात गेलं. लम्दुआननं तिला पदराला धरून ओढून काढलं. समोरच्या ओसरीवरची पोरं पोट धरून हसली आणि मी लाजेनं आत जाऊन बसले. आई ओकत होती, नाकातून पाणी येत होतं. मला वाटलं, झालं, आता संपलं. तिनं साडी बदलली, केस पिळले आणि परत होडीत जाऊन बसली. ती रोज बसली. हाताला फोड आले, त्यावर खोबरेल लावून कापड बांधलं आणि बसली. लम्दुआननं तिला पहिली गोष्ट शिकवली ती वल्हं भिजवायची. कोरडं वल्हं हाताला सोलतं, ओलं वल्हं ऐकतं, असं ती म्हणायची. हळूहळू खांब लागेनासे झाले. मग एक दिवस मला शाळेच्या देवळापर्यंत आईनं नेलं. शाळा बंदच होती, आवारात कमरेएवढं पाणी होतं, पण आम्ही गेलो, देवळाला वळसा घातला आणि परत आलो. येताना ती अभंग गुणगुणत होती. वल्हं टाळाच्या लयीत पडत होतं.

पुरात साप घरांमध्ये चढतात. एका दुपारी लम्दुआननं चुलीसाठी लाकडं ओढायला हात घातला आणि ढिगातल्या हिरव्या सापानं तिला चावा घेतला. तिची हाक ऐकून आम्ही गेलो तेव्हा हात कोपरापर्यंत सुजत चालला होता. इंजिनाच्या होड्या वाळूची पोती वाहायला गेल्या होत्या. गावात म्हातारी माणसं आणि मुलं. सरकारी दवाखाना मोठ्या रस्त्याला, कालव्यानं बराच पुढे आणि प्रवाहाच्या उलट.

आईनं होडी पायरीला लावली. तिनं लम्दुआनला होडीत निजवलं, मला पुढे बसवून तिचं डोकं माझ्या मांडीवर दिलं आणि वल्हं भिजवलं.

लम्दुआन पडल्या पडल्या दिशा सांगत होती. साय म्हणजे डावीकडे. ख्वा म्हणजे उजवीकडे. बागांमधून जवळची वाट होती. तिथून आम्ही गेलो. संत्र्याची झाडं गळ्यापर्यंत बुडालेली, पानं पिवळी, आणि पाण्यावर सडलेली संत्री तरंगत होती. होडी त्यांना ढकलत जायची आणि ती परत मागून जमा व्हायची. आंबूस वास नाकात शिरला होता. आईचा श्वास मला पाठीमागून ऐकू येत होता. मग लम्दुआनचे शब्द तुटायला लागले आणि एका फाट्याशी ती गप्पच झाली. डोळे उघडे होते, पण बोलत नव्हती.

"आता कुठं?" आईनं विचारलं.

मी वळून बघितलं. तिच्या तळव्यांवरचं कापड लाल झालं होतं.

"तुला विचारतेय," ती म्हणाली. "तू रोज हिच्याबरोबर हिंडलीस. रडायचं ते नंतर रड. आता सांग."

मी म्हणाले, ख्वा. तिनं होडी वळवली. पुढच्या सगळ्या वाटेवर मी सांगत गेले, साय, ख्वा, सरळ, आणि ती त्याप्रमाणे वळवत गेली. माझं काही चुकेल असं तिला एकदाही वाटलेलं दिसलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांशी दोन माणसांनी लम्दुआनला उचललं. आईची बोटं वल्ह्याभोवती आवळून बसली होती. ती मी एकेक करून सोडवली.

लम्दुआन वाचली. ती घरी आली तेव्हा पाणी थोडं ओसरलं होतं आणि कार्तिकी पौर्णिमा जवळ आली होती. त्या रात्री तिकडे केळीच्या खुंटाच्या चकतीवर पानांच्या घड्या घालून, त्यात फूल, उदबत्ती आणि मेणबत्ती ठेवून पाण्यात सोडतात. आपल्याकडे तीच त्रिपुरी पौर्णिमा. लम्दुआनचा हात पट्टीत होता. ती सांगत होती आणि आई पानं दुमडत होती. मेणबत्तीशेजारी आईनं एक त्रिपुरवात लावली. संध्याकाळ सरता सरता दोघींनी ते पाण्यावर ठेवलं आणि फुंकर घालून पुढे ढकललं. सगळा कालवा दिव्यांनी भरला होता. आमचं कुठलं, ते थोड्या वेळानं ओळखू येईना.

पुढच्याच वर्षी बाबांचं तिथलं काम संपलं आणि आम्ही इचलकरंजीला परतलो. काही वर्षं आई आणि लम्दुआन फोटो पाठवत राहिल्या, मागे काही लिहिलेलं नसे. मग तेही थांबलं. बाबा गेले तेव्हा कॅल्गरीहून येताना मला बँकॉकला विमान बदलण्यापुरताच वेळ मिळाला होता, पण परतताना मी मुद्दाम एक दिवस थांबले. टॅक्सीवाल्याला गावाचं नाव सांगितलं. त्याला ते एका गृहसंकुलाचं वाटलं, कारण आता ते तसं आहे. एकसारखी पांढरी घरं, फाटक, पहारेकरी. संत्र्यांच्या बागांच्या जागी गोदामं. वरून उड्डाणपूल. कालवा होता, दोन्ही काठ काँक्रीटचे. देऊळ तेवढं तिथंच होतं. तिथल्या एका वृद्ध भिक्षूंना मी माझ्या मोडक्या थाईत लम्दुआनबद्दल विचारलं. ते म्हणाले, गेली, बरीच वर्षं झाली, शेवटपर्यंत कमळं विकत होती.

मी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. मग तिनं एवढंच विचारलं की पाणी वाहतंय का अजून. मी हो म्हटलं.

आणि आता, रॉकी पर्वतांकडून वारा येत असताना, ती माझ्या मागे बसून वल्हवत होती. माझ्या वल्ह्याचा पाण्याशी मेळ बसत नव्हता. तिचा पहिल्या चार रेट्यांत बसला. काठावर इरा फोन उंच धरून शूट करत होती. आम्ही मध्यावर आलो तेव्हा आई म्हणाली, "ऑक्टोबरचं तिकीट काढ माझं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी म्हटलं, कसलं तिकीट, आम्ही तुझ्यासाठी बेसमेंट केलंय, वॉशरूम केलंय, तुला इथं कायम राहता यावं म्हणून पीआरसाठी अप्लाय करायचं ठरलंय.

"खोली चांगली केलीस. ऊबदार आहे," ती म्हणाली. "पण त्या खोलीत मी दिवसभर तुमची वाट बघते. मला वाट बघायला आवडत नाही."

मग तिनं सांगितलं. इचलकरंजीच्या घराच्या वरच्या दोन खोल्या ती पॉलिटेक्निकच्या मुलींना राहायला देणार होती. दोन वेळचं जेवण ती करणार. शेजारच्या वहिनींनी कुलूप काढून खोल्या दाखवल्यासुद्धा, मुली ठरल्यासुद्धा, पहिल्या दोन महिन्यांपुरतं वहिनी त्यांच्याकडे बघणार होत्या. हे सगळं ती आमच्याच बेसमेंटमधून, आम्ही ऑफिसला गेल्यावर, व्हॉट्सॲपवर ठरवत होती.

मला राग आला. पडलीस तर कोण आहे तिथं, असं मी विचारलं. ती म्हणाली, पडले तर पडले, इथं पडले तरी तू ऑफिसातच असणार. मी आणखी बरंच बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी मी वल्हं मांडीवर आडवं टाकलं. वाऱ्यानं होडी आडवी फिरली. लाटा कडेवर आपटून आत उडायला लागल्या, बर्फासारखं पाणी माझ्या पायांवर आलं. आईनं एकटीनं, दम लागेपर्यंत रेटून, होडीचं तोंड परत वाऱ्याकडे केलं.

"रागवायचं तर रागव," ती धापा टाकत म्हणाली. "पण वल्हं उचल. मला एकटीला जमायचं नाही."

मी उचललं. आम्ही परत निघालो. ती म्हणायची, डावीकडे, आणि मी डावीकडे घालायची. धक्क्याला लागलो तेव्हा तिचा गुडघा वाकेना. मी आणि इरानं तिला दोन्ही बाजूंनी धरून वर घेतलं. इरा तिच्या कानाशी म्हणाली, "आजी, यू वेअर सो गुड." आईनं तिचा गाल थोपटला.

पुढचे दोन महिने मी हार मानली नाही. डॉक्टरांना सांगायला लावलं, भावाकडून म्हणावं तर मला भाऊ नाही, म्हणून मामाकडून फोन करवला. नवरा माझ्या बाजूनं होता, पण तो एकदा जेवताना हळूच म्हणाला, त्यांचं ठरलंय गं. सप्टेंबरच्या शेवटी मी तिकीट काढलं. ती निघाली त्या सकाळी रस्त्यावर पहिला बर्फ पडला होता. तिनं इराला बेसनाचे लाडू करून ठेवले होते आणि मला भाजणी. एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या काचेपलीकडे गेल्यावर तिनं एकदाच मागे बघितलं आणि पुढे चालू लागली. मी मात्र ती वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले.

परवा गुरुवारी संध्याकाळी मी तिला फोन केला. इथली संध्याकाळ, तिथली सकाळ. फोन एका अनोळखी मुलीनं उचलला. मागे भांड्यांचा आवाज, मिक्सर, दोन-तीन मुलींची एकाच वेळी बडबड.

"आजी कामात आहेत," ती म्हणाली. "कोण बोलतंय?"

"मी त्यांची मुलगी."

"कॅनडावाल्या का?" आणि तिनं फोनवर हात न ठेवताच हाक मारली, "आजी, तुमची मुलगी."

लांबून, बहुधा मागच्या दारातून, आईचा आवाज आला, "सांग तिला, तुमचे डबे भरून झाले की करते म्हणावं."

"त्या नंतर करतील," मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला.

इरा सोफ्यावर अभ्यास करत होती. तिनं मान वर केली. "इज आजी ओके?"

"बिझी आहे," मी म्हटलं. आणि फोन मांडीवर घेऊन तिच्या सवडीची वाट बघत बसले.